अण्णांचा ट्रान्समीटर: काय पुसलं, काय तसंच ठेवलं

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

सांगलीहून अण्णांचा ट्रान्समीटर आणला. दसरा झाल्यावरच ये, असं काकूंनी आधीच बजावलं होतं. "खंडेनवमीला त्याला कुंकू लावल्याशिवाय मी देणार नाही." त्यामुळे पुढच्या पॅनेलवर यंदाचं ताजं बोट आहे आणि त्याखाली साठ वर्षांचे थर. अण्णांना जाऊन सव्वीस वर्षं झाली, पण ही पूजा एकदाही चुकलेली नाही.

यंत्र म्हणजे लोखंडी कोनपट्ट्यांचा तीन मजली सांगाडा. वरच्या मजल्यावर दोन ८०७ व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे रेडिओतल्या काचेच्या नळ्या) फायनल, म्हणजे एरियलला ताकद देणारा शेवटचा टप्पा, मधल्यावर आणखी दोन ८०७ चा मॉड्युलेटर, म्हणजे लहरींवर आवाज चढवणारा भाग, तळाला पॉवर सप्लाय. अण्णांनी १९६४ साली स्वतः बांधलेला, आणि बहुतेक माल डिस्पोजलचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्याचे वायरलेस सेट भंगाराच्या भावानं निघाले आणि सुटे होऊन बाजारोबाजार पोचले. त्या पिढीच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींनी त्यातूनच आपापल्या रिग, म्हणजे यंत्रसंच, उभ्या केल्या. मी मोर्स शिकलो तो याच सांगाड्याशेजारी स्टुलावर बसून. रात्री अण्णा बोलायला लागले की तळाच्या दोन रेक्टिफायर व्हॉल्व्हमधला निळा उजेड त्यांच्या आवाजाबरोबर कमी-जास्त व्हायचा, आणि माझं निम्मं लक्ष तिकडेच असायचं.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी वाड्यात शिरलं. वरचे दोन मजले वाचले, पॉवर सप्लाय तीन दिवस बुडाला. नंतर कुणीतरी तो उन्हात ठेवून माळ्यावर चढवला.

सांगाडा बंद गॅलरीत ठेवलाय. बायको म्हणाली, "अहो, निदान ओल्या फडक्यानं पुसून तरी घ्या." थांब म्हटलं. १९९४ साली असाच एक लष्करी रिसीव्हर हाती आल्या आल्या मी गॅरेजमध्ये नेऊन कॉम्प्रेसरनं फुंकला होता. धुळीचा ढग उठला, मी खोकलो, हसलो, आणि आतून चकचकीत ॲल्युमिनियम निघालं म्हणून खूश झालो. त्या ढगात काय काय होतं याचा विचार मी पुढची दहा वर्षं केला नाही. या खेपेला आधी बघणार, मग लिहिणार, आणि हात सगळ्यात शेवटी.

६ ऑक्टोबर

सहा वर्षं वीज न बघितलेल्या कपॅसिटरमध्ये काही उरलेलं नसतं हे मला कळतं. तरी लाकडी काठीला बांधलेली अर्थची तार प्रत्येक टर्मिनलला टेकवली, मग दोन्ही मोठ्या कपॅसिटरची टोकं तारेनं जोडून तशीच ठेवली. तेलाच्या कपॅसिटरला एकदा डिस्चार्ज करून सोडलं तर डायइलेक्ट्रिकमध्ये मुरलेला भार हळूहळू पुन्हा टोकांवर येतो. आज त्याची गरज नव्हती. पण सवय गरजेच्या दिवशी लागत नाही.

टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन तासभर नुसतं बघितलं. एरियलच्या वाटेवर एक गोल मीटर, काळी चकती, त्यावर मुकुट आणि 'एएम' ही ब्रिटिश हवाई मंत्रालयाची खूण. आकडे आणि काटा जाडसर, तपकिरी-पिवळट रंगानं रंगवलेले. तळाला दोन ८६६ए, म्हणजे पाऱ्याचे रेक्टिफायर. त्यांच्यामागे दोन तेलाचे कपॅसिटर, ४ मायक्रोफॅरड, १००० व्होल्ट, अमेरिकन. एकाच्या खालच्या शिवणीवर ओलसर डाग. ब्लीडर, म्हणजे कपॅसिटरमधला भार रिकामा करणाऱ्या रेझिस्टरच्या पाठीमागे राखाडी-पांढरा पुठ्ठा, एका कोपऱ्यात तंतू सुटलेले. बायस सप्लायमध्ये (व्हॉल्व्हच्या ग्रिडला उणा दाब देणारा भाग) सेलेनियमच्या रेक्टिफायरची पंखेदार गड्डी. आणि तळाच्या चासीवर, जिथं पाणी साचून राहिलं असणार तिथं, पांढरी-पिवळसर भुकटी.

म्हणजे जुन्या यंत्रांतल्या घातक पदार्थांचा जवळजवळ सगळा मेळा एकाच सांगाड्यात जमलाय.

एका गोष्टीची मात्र काळजी नाही. संध्याकाळी फोटो पाठवला तर आमच्यातल्या एका नवशिक्या मित्राचा लगेच फोन आला, "८०७ चे पांढरे सॉकेट बेरिलियाचे तर नाहीत ना?" नाहीत. ते स्टिएटाइट, साधी चिनीमाती. बेरिलियम ऑक्साइडची चिनीमाती येते ती काही आर एफ पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये आणि हवेऐवजी थेट धातूला उष्णता देणाऱ्या काही ट्रान्समिटिंग व्हॉल्व्हमध्ये, ८८७३ सारख्या. तीसुद्धा अखंड असेपर्यंत गरीब गाय. फोडली, घासली, तिची धूळ छातीत गेली तर आयुष्यभराचा फुप्फुसाचा आजार. पांढरं दिसलं की बेरिलिया म्हणून घाबरायचं आणि शेजारची भुकटी बोटानं पुसायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

९ ऑक्टोबर

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा मित्र गायगर काउंटर घेऊन आला. गॅलरीत मोकळ्या हवेत मिनिटाला २४ टिकटिक. बाकीच्या मीटरांपाशी तेवढीच. मुकुटवाल्या मीटरच्या काचेला टेकवला तर ११५०. हातभर मागे सरकल्यावर पुन्हा तिशीच्या आसपास.

रेडियम. अंधारात वैमानिकाला काटा दिसावा म्हणून झिंक सल्फाइडमध्ये कालवून लावलेलं. आम्ही दिवे घालवून दहा मिनिटं बसलो, काही चमकलं नाही. यातच फसगत आहे. चमक संपली ती झिंक सल्फाइडची, किरणांच्या माऱ्यानं तेच थकतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षांचं. मीटर युद्धातला धरला तर ऐंशी वर्षांत त्यातलं रेडियम जेमतेम साडेतीन टक्के घटलंय. चमकत नाही म्हणजे मेलं, असं मानून कितीतरी जणांनी असे मीटर उघडून काटे साफ केले असतील.

मित्रानं सांगितलेलं उतरवून ठेवतो. काच अखंड आहे, रिंग पक्की आहे, तोवर धोका लहान आणि हातभर अंतरावर नगण्य. काच काढली की गणित बदलतं. तो रंग आता ठिसूळ झालेला असतो, नखानं पापुद्रा सुटतो, आणि पोटात गेलेलं रेडियम कॅल्शियमसारखं वागून हाडात जाऊन बसतं. १९२० च्या सुमारास न्यू जर्सीतल्या घड्याळाच्या कारखान्यांत मुली ब्रशाचं टोक ओठांनी टोकदार करून हेच रंगवायच्या. त्यांचे जबडे गेले, कित्येकींचे जीव गेले. शिवाय रेडियममधून रेडॉन वायू झिरपतो, म्हणून असा मीटर हवाबंद कपाटात साठवायचा नाही.

या मीटरचा काटा डावीकडे थोडा अडकतोय. उघडून दोन मिनिटांत सुटेल असा दोष. उघडणार नाही. मीटर आहे तसा पॅनेलवर राहील, मागे छोटी पट्टी चिकटवली: 'रेडियम. उघडू नये.' एरियलचा प्रवाह बघायला बाजूला दुसरा मीटर लावीन.

मित्र जाताना म्हणाला, "तुझ्या स्वतःच्या सेटमधल्या ८१३ व्हॉल्व्हमध्येसुद्धा किरणोत्सारी थोरियम आहे, माहितीये ना?" माहितीये. थोरियम मिसळलेल्या टंगस्टनची फिलामेंट, काचेच्या आत. त्यासाठी मी झोप घालवणार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

ॲस्बेस्टॉसचा दिवस. ब्लीडर तापतो आणि मागे लाकडी पट्टी आहे, म्हणून अण्णांनी मध्ये पुठ्ठा घातला. १९६४ साली यापेक्षा शहाणपणाचं काही नव्हतं. ज्या देशात घरांवरचे सिमेंटचे पत्रे अजून याच तंतूंचे मिळतात, तिथं अण्णांना काय बोलायचं.

पुराच्या पाण्यानं पुठ्ठा भुसभुशीत झालाय. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घेतले. नुसतं पाणी ॲस्बेस्टॉसवरून ओघळतं, साबण घातला की आत शिरतं. तीन वेळा, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं भिजवला. पी-१०० गाळणीचा मास्क, दाढी करून, कारण दाढीवर मास्क बसत नाही. कापडी मास्क इथं निरुपयोगी. पंखा बंद. स्क्रू ओलेच सोडवले आणि पुठ्ठा न मोडता अख्खाच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत उतरवला, ती दुसऱ्या पिशवीत. खालची जागा ओल्या टिश्यूनं एकाच दिशेनं पुसली, तेही पिशवीत. लाकडाच्या भेगांत दोन-चार तंतू राहिले असतील म्हणून तिथं पातळ केलेल्या फेविकॉलचा हात मारला, आता ते बसल्या जागी बसतील.

नव्या पुठ्ठ्याऐवजी ब्लीडर सिरॅमिकच्या खुंट्यांवर अर्धा इंच उचलून बसवला. हवाच पुरेशी आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज चूक झाली. सविस्तर लिहितो.

उद्या नरकचतुर्दशी, घरात चकलीचा वास, आणि मला वाटलं दोन तास मोकळे आहेत तर ८६६ए काढून डब्यात ठेवून देऊ. पहिला निघाला. दुसरा सॉकेटमध्ये घट्ट. नियम मला पाठ आहे: बूड धरायचं आणि हलवत हलवत काढायचा, काचेला हात लावायचा नाही. बूड नीट हातात येईना म्हणून मी काच धरून किंचित पिळलं. पुराच्या पाण्यानं आतलं सिमेंट आधीच सुटलं होतं. काच बुडापाशी कट्‌ करून तडकली आणि मोहरीच्या दाण्याएवढे पाच-सहा थेंब चासीवरून घरंगळत फरशीवर गेले. दोन सरळ सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीकडे निघाले.

पहिलं काम: हातातली अंगठी काढली. पारा सोन्याला लागला की सोनं गेलंच समजा. बायकोला ओरडून सांगितलं, "इकडे येऊ नकोस, दार लावून घे, पंखा लावू नकोस." खिडक्या सताड उघडल्या. चपला तिथंच काढून ठेवल्या, पारा तळव्याला लागून घरभर हिंडायला नको.

झाडू घेतला नाही. झाडूनं एका थेंबाचे शंभर होतात आणि झाडूही कायमचा जातो. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, तो पारा तापवून वाफ करून खोलीत सोडतो. जुन्या पत्त्यांच्या कॅटमधले दोन पत्ते घेतले, एकानं ढकलायचं, एकावर गोळा करायचं. थेंब एकमेकांत मिसळून मोठा झाला की ड्रॉपरनं उचलून काचेच्या बरणीत, वर दोन बोटं पाणी. ॲल्युमिनियमच्या पट्टीकडे गेलेल्या दोघांना आधी अडवलं. ॲल्युमिनियमवर जो संरक्षक थर असतो त्याच्या ओरखड्यातून पारा आत शिरला तर धातू आतून पोखरत जातो, पांढऱ्या केसांसारखी बुरशी फुटते. विमानात पारा नेऊ देत नाहीत ते यासाठीच.

मोठे थेंब अर्ध्या तासात संपले. मग दिवे घालवून टॉर्च फरशीला टेकवून आडवा मारला. दिवसा न दिसलेले वीस-पंचवीस बारीक ठिपके चांदण्यांसारखे लखलखले. ते चिकटपट्टीनं टिपले. फरशीच्या सांध्यातले निघेनात. तिथं गंधकाची पूड घातली, पण त्यावर माझा फार भरवसा नाही. आयुर्वेदातली कज्जली करायला पारा-गंधक खलात तासन्‌तास घोटावं लागतं, वरून भुरभुरल्यानं पृष्ठभागावर कवच येतं, एवढंच. ते पूड घातलेले सांधे दुसऱ्या दिवशी टोच्यानं कोरून काढायचे ठरवलं.

पत्ते, पट्टी, ड्रॉपर, फुटकी काच, सगळं झाकणाच्या डब्यात. फरशी पुसून बादली गटारात ओतायची नाही, म्हणून फरशी पुसलीच नाही.

रात्री फराळाचं ताट समोर आलं आणि बायको एवढंच म्हणाली, "हात किती वेळा धुतलेत?" चार वेळा.

२० ऑक्टोबर

अभ्यंगस्नानाच्या आधी सांधे कोरले. नव्या सिमेंटनं भरले. टॉर्च आडवा मारून पुन्हा बघितलं, सोफ्याएवढ्या जागेत एक ठिपका सापडला. खिडक्या आठवडाभर उघड्या ठेवणार.

अण्णांच्या वहीत आज एक पान सापडलं. "फिलामेंट लावून चहा पिऊन येणे. मग हायटेन्शन." ८६६ए मधला पारा तापून वाफ व्हायच्या आत उच्च दाब दिला तर व्हॉल्व्ह आतून ठिणगी मारतो, आणि आडवा नेलेला व्हॉल्व्ह असेल तर पहिल्या खेपेला पाव-अर्धा तास नुसता तापवावा लागतो, कारण पारा सगळीकडे उडालेला असतो. अण्णांना पाऱ्याचा धाक होता, पण तो व्हॉल्व्हच्या जिवासाठी. स्वतःच्या फुप्फुसासाठी कुणाला होता त्या काळात? आम्ही शाळेत फुटक्या थर्मामीटरचा पारा तळहातावर खेळवलाय.

उरलेला एक ८६६ए शाबूत आहे. तो थर्मोकोलमध्ये उभा, डब्यात, वर चिठ्ठी. पुन्हा लावणार नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

तेलाचे कपॅसिटर. यावर जास्त वेळ गेला.

एकावर व्यापारी नाव छापलंय: पायरानॉल. हे नाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी नावाची तेलं अमेरिकेत ज्या ज्या नावांनी विकली गेली त्यांतलं हे एक. अस्कारेल, इनर्टीन, डायकॅनॉल, क्लोरिनॉल ही भावंडं. ती जळत नाहीत, कुजत नाहीत, इन्सुलेशन उत्तम, म्हणून कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरवाल्यांची लाडकी. कुजत नाहीत हाच मग प्रश्न झाला: मातीत गेली की मातीत, माशात गेली की माशात, आणि तिथून आपल्या चरबीत. अमेरिकेनं १९७९ साली उत्पादन बंद केलं. स्टॉकहोम करारानं जगाला २०२५ पर्यंत ती वापरातून काढायला आणि २०२८ पर्यंत त्यांची विल्हेवाट लावायला सांगितलंय. आपल्याकडचा आदेश २०१६ चा.

दुसऱ्या कपॅसिटरवर कुठलंही नाव नाही आणि गळतोय तो नेमका हाच. ओळख कशी पटवायची? जुन्या मंडळींची एक युक्ती आहे: तांब्याची तार तेलात बुडवून ज्योतीत धरायची, हिरवी ज्योत आली की क्लोरीन. ती करू नये. पीसीबी अर्धवट जाळलं की डायॉक्सिन वर्गातली त्याहून जहरी संयुगं तयार होतात, म्हणजे परीक्षेतच नापास. मी साधी तरंगायची परीक्षा घेतली. नायट्राइलचे दोन-दोन हातमोजे, काचेच्या छोट्या बाटलीत पाणी, काडीनं शिवणीवरचा एक थेंब. खनिज तेल असतं तर तरंगलं असतं. थेंब सरळ तळाला गेला आणि तिथं मण्यासारखा बसला. थेंब तरंगला असता तरी निर्धास्त झालो नसतो, साध्या तेलात थोडं पीसीबी मिसळलेलं असू शकतं. बुडाला म्हटल्यावर मात्र वाद उरला नाही.

बाटली झाकण लावून कचऱ्यात गेली नाही, डब्यात गेली. दोन्ही कपॅसिटर काढले, उभेच ठेवले, टर्मिनल वर. रिकाम्या रंगाच्या पत्र्याच्या डब्यात लाकडाचा भुसा दाबून भरला, त्यात ते पुरले, झाकण ठोकून बसवलं. चासीवरचा तेलकट डाग रॉकेलच्या चिंधीनं तीनदा पुसला, दर वेळी नवी चिंधी, दर वेळी नवे हातमोजे. चिंध्याही त्याच डब्यात.

हे सगळं चाललेलं असताना एक आठवण येत राहिली. सत्तरच्या दशकात आम्ही हॅम लोक चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा डमी लोड करायचो, पत्र्याच्या डब्यात रेझिस्टर बुडवून वर ट्रान्सफॉर्मरचं तेल. तेल कुठून? वीज खात्यातल्या ओळखीच्या माणसाकडून, कॅनमधून. कुठल्या ट्रान्सफॉर्मरचं हे कुणी विचारलं नाही. हात कोपरापर्यंत बुडवून पडलेला स्क्रू शोधलाय मी त्यात.

२ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर फोन. घातक कचरा घेणाऱ्या एका ठिकाणी पलीकडच्या बाईंनी विचारलं, "सर, मटेरियल किती टन आहे?" दोन किलो म्हटल्यावर पलीकडे शांतता. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. वैयक्तिक ग्राहकाकडून माल घ्यायची त्यांची पद्धत नाही, कारखान्याच्या नावानं यावा लागतो. शेवटी मार्ग निघाला तो कॉलेजच्या प्रयोगशाळेतून. त्यांच्या रासायनिक कचऱ्याची वर्षातून एकदा रीतसर उचल होते, त्या यादीत माझा डबा, पारा आणि ॲस्बेस्टॉसची पिशवी लिहून घेतली. पुढची उचल मार्चमध्ये. तोवर सगळं माझ्याकडेच, जमिनीपासून वर, कुलपात. मीटरचं काही द्यायचं नाहीच.

भंगारवाला दर रविवारी खालून ओरडत जातो. त्याला हे कपॅसिटर दिले असते तर तांब्यासाठी संध्याकाळपर्यंत कापले गेले असते, उघड्या हातांनी, बहुधा त्याच्या पोराकडून. म्हणून दोन किलोसाठी आठवडा गेला याचं वाईट वाटत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

चासीवरची भुकटी. युद्धकाळातल्या लोखंडी चासीवर गंज लागू नये म्हणून कॅडमियमचा मुलामा असायचा, आणि ओल लागली की त्याचीच अशी भुकटी होते. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथून निघता निघत नाही.

इथं हात शिवशिवतात. पॉलिश पेपर घेतला तर अर्ध्या तासात चासी आरशासारखी होईल, आणि कॅडमियमची धूळ माझ्या नाकात. वायर ब्रश नाही, ड्रिलला लावायची घासणी नाही, हवा नाही. ओला टिश्यू, एकदा पुसून टाकून द्यायचा. चाळीस-पन्नास टिश्यू झाले. खाली जे राहिलं ते मळकट राखाडी आहे, त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ हात. दिसायला काही खास नाही.

अर्थचे जोड थेट चासीवर डाग देऊन केलेले होते. ते पुन्हा तापवणार नाही. त्या मुलाम्यावर सोल्डरिंगची इस्त्री टेकवली की धूर येतो, आणि तो धूर शिशाच्या डागाच्या धुरापेक्षा कितीतरी वाईट. त्याऐवजी भोकातून नट-बोल्ट आणि टॅग.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन छोटी कामं.

सुट्या भागांच्या पेटीत तपकिरी बाटली, अण्णांच्या अक्षरात 'सी.टी.सी.'. कार्बन टेट्राक्लोराइड. रिलेचे पॉइंट पुसायला सगळे हेच वापरायचे, ड्रायक्लीनिंगवालेही, आग विझवायच्या पिचकारीतही हेच. यकृताचा शत्रू, आणि तापलेल्या धातूवर पडलं तर फॉस्जीन. झाकण उघडून वास घ्यायचा मोह झाला, लहानपणच्या शॅकचा, म्हणजे अण्णांच्या रेडिओच्या खोलीचा वास तो. उघडलं नाही. कॉलेजच्या यादीत आणखी एक ओळ.

सेलेनियमची गड्डी काढली. चालू असताना त्रास नाही, पण जळाली की कुजक्या मुळ्यासारखी घाण सुटते, आणि त्यातला हायड्रोजन सेलेनाइड विषारी. तिच्या जागी एक १एन४००७. सेलेनियमच्या दर पत्रीवर साधारण एक व्होल्ट पडायचा, सिलिकॉनवर पाऊणही नाही, त्यामुळे बायस वाढला. मालिकेत रेझिस्टर घालून तो जुन्या आकड्यावर आणला. गड्डीचं जुनं कवच जागेवर ठेवायचा विचार केला होता, सोडून दिला. उद्या कुणी वीज जोडून बघेल.

३० नोव्हेंबर, रविवार

ट्रान्सफॉर्मर वाळवतोय. खोक्यात ६० वॅटचे दोन जुने बल्ब, दहा दिवस, वर वाफ जायला भोकं. मेगर या इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर सुरुवातीला इन्सुलेशन जेमतेम २ मेगओहम, आज ८० च्या वर. यात घातक काही नाही, पण यावरच बाकी सगळं अवलंबून होतं.

१४ डिसेंबर, रविवार

८६६ए च्या जागी सिलिकॉन. ट्रान्सफॉर्मर ७५०-०-७५० चा, म्हणजे उलटा दाब एकवीसशे व्होल्टच्या वर जातो. एकेक १एन४००७ हजार व्होल्टचा, म्हणून प्रत्येक बाजूला चार-चार मालिकेत. पाऱ्याच्या व्हॉल्व्हवर पंधराएक व्होल्ट पडायचे, इथं तीन. दहा-बारा व्होल्टचा फरक ८०७ ला कळणारही नाही.

कळणार ते वेगळंच. सिलिकॉन तापायला वेळ घेत नाही, बटण दाबताक्षणी पूर्ण उच्च दाब येतो आणि ८०७ अजून थंड असतात. म्हणून एक मिनिटाचा डिले रिले. त्याच्या डब्यावर मार्करनं लिहिलं: 'चहा'.

नवे कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे, जुन्यांच्या पाव आकाराचे. मोठ्या रिकाम्या जागेत पोरकटासारखे दिसतात. व्हेरिॲकवर (दाब कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चढवत नेलं, एक हात खिशात. पूर्ण दाबावर ६५० व्होल्ट, लोडखाली ६१०. कसला वास नाही, धूर नाही, आवाज फक्त ट्रान्सफॉर्मरचा.

पुढचं पॅनेल सोडून सगळं पुसून झालंय. पॅनेलला हात लावलेला नाही.

११ जानेवारी २०२६, रविवार

सकाळी साडेसातला ७ मेगाहर्ट्झवर, एएम (ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन) पद्धतीनं, माझ्या कॉलसाइनवर, म्हणजे परवान्यावरच्या ओळखनावानं. आधी डमी लोड, मग अँटेना. तिसऱ्या हाकेला बेळगावहून उत्तर आलं. आवाज थोडा घोगरा आहे म्हणाले, पण भरदार. कुठली रिग विचारलं. चौसष्टची होमब्रू, म्हणजे घरी बांधलेली, दोन ८०७ नं दोन ८०७ मॉड्युलेट केलेत, असं सांगितल्यावर ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं बँड गेला.

अकराला काकूंना फोन केला. आवाज रेकॉर्ड केला होता तो ऐकवला. त्यांनी सगळा ऐकला.

"आणि खालचा तो निळा उजेड? बोलताना नाचायचा तो. दिसतो का रे अजून?"

"नाही काकू. ते दिवे काढावे लागले. त्यात पारा होता."

"काढलेस? बरं केलंस बाबा. त्या उजेडापायी मला पस्तीस वर्षं धड झोप लागली नाही."